अनुभव धागा : लायब्ररीतून पुस्तकाशिवाय काय काय घरी आणलंत? (पक्षी, बिया, रानभाज्या, काहीही)

मंडळी, धागा काढायला निमित्त आमच्या वाचनालयातली दुर्बीण.

तालुक्याच्या गावचं 'ड' वर्गाचं वाचनालय आमचं, दोन खोल्या आणि पडवी, वेळ संध्याकाळी साडेपाच ते आठ. मी कार्यकारिणीवर आहे, म्हणजे सही लागली की मला बोलावतात. दोन वर्षांपूर्वी गावातल्या एका रिटायर्ड गुरुजींनी त्यांची आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण वाचनालयाला दिली, पोरांना वापरू दे म्हणाले. आणि तिथेच पंचाईत झाली. पुस्तक असतं तर दाखल नोंदवहीत नंबर पडला असता, सतराव्या पानावर शिक्का मारून कपाटात गेलं असतं. दुर्बिणीला नंबर कुठला देणार आणि शिक्का कुठे मारणार? आमच्या ग्रंथपाल बाई नियमाच्या पक्क्या. त्यांनी ती डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे सामानसुमानाच्या नोंदवहीत चढवली, टेबलफॅन आणि लोखंडी स्टूल यांच्या खालच्या ओळीत. आणि डेड स्टॉक काही घरी नेता येत नाही! तीन महिने दुर्बीण कुलपात. शेवटी मीटिंगमधे ठराव केला की पाचशे रुपये अनामत घेऊन शनिवार-रविवार द्यायची.

मग नोव्हेंबरात पक्षी सप्ताह आला. ५ ते १२ नोव्हेंबर, ५ला अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ला पक्षीशास्त्रज्ञ सालिम अलींचा, २०२० पासून सरकारी पातळीवर साजरा होतो. आम्ही आपलं नेहमीसारखं टेबलावर पुस्तकं मांडली, हार घातला, नारळ फोडला. पंधरा पोरं आली होती आणि कंटाळली होती. बाई भाषण थांबवून एकदम म्हणाल्या, पंखा बंद करा रे. पंखा थांबला आणि मागच्या उंबरावरून टुक्-टुक्-टुक् ऐकू यायला लागलं, एकसुरी, भांडं ठोकल्यासारखं. बाई म्हणाल्या हा तांबट, याचं नाव तांबट का ते सांगा. एकाही पोराला तांबट म्हणजे भांडी घडवणारा हे माहीत नव्हतं. मग त्यावर अर्धा तास गेला, पक्षी राहिला बाजूला, कोणाच्या आजीकडे तांब्याचा हंडा आहे इथपर्यंत गाडी गेली. त्यानंतर दुर्बिणीला जी रांग लागली ती लागली. एवढासा हिरवा पक्षी, कपाळ आणि छाती लालभडक, आणि तो गेली कित्येक वर्षं वाचनालयाच्या मागेच राहत होता.

तर तुमच्याकडे असं काही? गावातलं, शहरातलं, परदेशातलं, सगळं चालेल. वाईट अनुभवही लिहा.

डब्लिनकर

इथल्या लायब्ररीतून मी वीज मोजायचं मशीन आणलंय! होम एनर्जी सेव्हिंग किट म्हणतात, पुस्तकासारखंच कार्डावर मिळतं. पेटीत प्लगमधे लावायचा मीटर, फ्रिज आणि फ्रीजरसाठी थर्मामीटर, खोलीचं तापमान आणि दमटपणा दाखवणारा डबा, आणि नळाचं पाणी मोजायला स्टॉपवॉच असं सगळं होतं. किटली आणि बाकी किरकोळ गोष्टींवरून आमच्याकडे रोज वाद, बायको म्हणायची चहा कमी कर, मी म्हणायचो तुझा ड्रायर बंद कर. मीटर लावला. चहासाठी तीन मिनिटं किटली चालली की साधारण एक अष्टमांश युनिट. आमच्या जुन्या ड्रायरची एक फेरी चार युनिटच्या वर! म्हणजे तीसेक वेळा किटली. मी हे घरात मोठ्यांदा वाचून दाखवलं आणि चूक केली, कारण त्या दिवसापासून कपडे दोरीवर वाळत घालायचं काम माझ्याकडे आलं, आणि डब्लिनमधे दोरीवर कपडे वाळवणं म्हणजे काय ते इथे राहणाऱ्यालाच कळेल.

फ्रिज नऊ डिग्रीवर निघाला, पाचच्या आत पाहिजे. दूध लवकर का नासतंय ते तेव्हा कळलं. किट चार दिवस उशिरा परत केलं, दंड शून्य, आयर्लंडमधे २०१९ पासून लेट फीच बंद केलीय.

मुरबाडकर

आमच्याकडे वस्तू नाही पण वही आहे. पावसाळ्यात वाचनालयात रानभाज्यांचं प्रदर्शन असतं, आसपासच्या पाड्यांवरच्या बायका भाज्या घेऊन येतात, टाकळा, कुर्डू, भारंगी, कवला, फोडशी, करटुली. पहिल्या वर्षी आमच्या उत्साही मंडळाने पुस्तकातून बघून प्रत्येक भाजीपुढे शास्त्रीय नावाची पाटी लावली, छान लॅमिनेट बिमिनेट करून. एक मावशी आल्या, त्यांना वाचता येत नव्हतं, त्यांनी शेवळांच्या टोपलीसमोर उभं राहून विचारलं, इथे काकडं कुठायत? आम्ही म्हटलं काकडी? त्या हसायलाच लागल्या. शेवळं खाजरी असतात, नुसती शिजवली तर घसा धरतो, काकडाची आंबट फळं बरोबर घालावी लागतात, हे आमच्या पाटीवर नव्हतंच! नाव बरोबर, कूळ बरोबर, आणि कोणी तेवढ्या माहितीवर घरी जाऊन भाजी केली असती तर रात्रभर बोंबलत बसला असता.

तेव्हापासून पाटी लावायचं बंद आणि वही सुरू. जी बाई भाजी आणते तिला विचारून लिहायचं, कुठे उगवते, कितव्या पावसाला, कोवळं पान कुठपर्यंत खुडायचं, कशाबरोबर करायची, कोणी खाऊ नये. कशासारखी दिसणारी दुसरी वनस्पती खायची नाही हे लाल पेनाने. आता दोनशे पानी दुसरी वही चालू आहे. संदर्भ विभागात ठेवलीय, घरी नेता येत नाही, झेरॉक्स मिळते. खरं सांगू का, आमच्या वाचनालयातलं सगळ्यात जास्त हाताळलेलं पुस्तक तेच आहे, तेलाचे डाग पण आहेत.

ठाणेकर_जुना

मी उलट्या बाजूचा माणूस, मला जुनी पुस्तकंच आवडतात. दुर्बीण वगैरे ठीक आहे पण लायब्ररीतल्या गॅझेटिअरांकडे, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या जिल्हावार माहितीग्रंथांकडे, कोणी बघतच नाही. संपादक कॅम्पबेलच्या काळात निघालेला ठाणे जिल्ह्याचा १८८२चा खंड काढून बसा एकदा. प्राणी, मासे, झाडं, सगळी जंत्री, आणि बरीचशी नावं मराठी उच्चाराने इंग्रजी लिपीत, ती मोठ्याने वाचली की ओळखू येतात, मजा येते. जिल्ह्यात वाघ असल्याचं सहज लिहून टाकलंय, जसं आपण आज भटक्या कुत्र्यांबद्दल लिहू. मी हे घोडबंदर रोडच्या विसाव्या मजल्यावर राहून वाचतो! वनस्पतींसाठी याच मालिकेतला पंचविसावा खंड बघा, १८८६चा.

ही गॅझेटिअर्स आता सरकारी वेबसाइटवर स्कॅन होऊन आली आहेत त्यामुळे मूळ प्रतीला हात लावायची गरज नाही, आणि लावू पण नका, आमच्याकडच्या प्रतीचं पान उलटलं की कोपरा हातात येतो. कसर लागलीय. ग्रंथपाल पूर्वी वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवायचे, नंतरच्यांनी डांबरगोळ्या आणल्या, आता दोन्ही नाही.

(पक्षीप्रेमींसाठी : ठाणे खाडीला २०२२ मधे रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळाला. खाडीवर रोज फोटो काढणाऱ्या किती जणांनी खाडीचा इतिहास वाचलाय ते विचारू नये.)

सनीवेलची वहिनी

वेखंड वाचून माहेर आठवलं. आमचा अनुभव बियांचा. इथे कॅलिफोर्नियात बऱ्याच पब्लिक लायब्रऱ्यांमधे बियांची लायब्ररी असते, रिचमंडच्या लायब्ररीत तर २०१० पासून आहे. कार्ड कॅटलॉग कंप्युटरवर गेल्यावर ते लाकडी छोटे छोटे ड्रॉवर रिकामे पडले ना, कितीतरी ठिकाणी त्यातच बियांची पाकिटं ठेवतात. टोमॅटो कुठे तर ट मधे! बी न्यायचं, लावायचं, एखादं झाड बियाण्यासाठी राखायचं आणि जमलं तर हंगाम संपल्यावर थोडं परत आणून द्यायचं. आई दर वेळी पर्समधे पावट्याच्या बिया कोंबते आणि मी दर वेळी विमानतळावर घाबरून टाकून देते (इथे बिया आणायचे नियम कडक आहेत), त्यामुळे मला हे फार आवडलं.

पाकिटावर सोपं आणि अवघड असं लिहिलेलं असतं, ते मी वाचलं नाही. सोपं म्हणजे घेवडा, वाटाणा, टोमॅटो, लेट्यूस, यांच्या फुलात परागीभवन आपलं आपण होतं त्यामुळे बी बहुतेक आईबापासारखंच निघतं. भोपळा-काकडीवाले सगळे अवघड कारण मधमाशी कुठून काय घेऊन येईल सांगता येत नाही. मी थाटात झुकिनीचं बी धरलं. शेजारच्याने हॅलोविनसाठी शोभेचे खडबडीत भोपळे लावले होते. पुढच्या वर्षी माझ्या वेलाला जे काही आलं ते ना झुकिनी ना भोपळा, हिरवट पट्टेवालं, दिसायला गोड. चिरलं, परतलं, पहिला घास आणि कडूजहर! नवरा म्हणाला मीठ घाल, होईल ठीक. मी सगळं कचऱ्यात टाकलं कारण आजीचं वाक्य डोक्यात पक्कं होतं, दुधी आधी चाखायचा आणि कडू निघाला तर टाकायचा. तेच हे. कुकुरबिटासिन म्हणतात त्याला, शिजवून जात नाही आणि माणूस हॉस्पिटलात पोचू शकतो. लायब्ररीत जाऊन कबूल केलं की मी बी परत देऊ शकत नाही. बाई म्हणाली, छान, तेवढंच कर, देऊ नकोस.

बियांवरून अकोले तालुक्यातल्या कोंभाळणेच्या राहीबाई पोपेरे आठवल्या, त्यांनी तर हे कितीतरी मोठ्या प्रमाणावर केलंय, गावठी वाणांची बियाणे बँक, २०२०ची पद्मश्री. आपल्या गावच्या वाचनालयांमधे एक कपाट बियांचं का नसावं?

जाता जाता : इथे लायब्ररी कार्डावर स्टेट पार्कचा गाडीचा पासही मिळतो. आरशाला अडकवायचा, पार्किंगचे पैसे वाचतात. वेटिंग मात्र उन्हाळ्यात मारुतीच्या शेपटासारखं.

अनामिक (मुद्दामच)

वाईट अनुभव पण लिहा म्हणालात म्हणून. शहराचं नाव सांगत नाही, वाचनालयाचं तर नाहीच, कारण मी तिथला आजीव सभासद आहे आणि मला तिथे पेपर वाचायला जायचंय.

आमच्याकडे दर ५ जूनला वृक्षारोपण होतं. पाहुणे येतात, फोटो होतो. खड्डा मात्र ठरलेला, गेटच्या डावीकडचा, मी सहा वर्षं मोजतोय, सहा रोपं त्याच एका खड्ड्यात. गेल्या वर्षी पाहुण्यांची गाडी आत यायला अडचण होते म्हणून आवारातला बहावा तोडला आणि पेव्हर ब्लॉक बसवले. एप्रिल-मेमधे त्या बहाव्याखाली पिवळा सडा पडायचा, म्हातारी मंडळी खाली बाकावर बसायची. मी तक्रारवहीत लिहिलं. खाली उत्तर आलं, 'नोंद घेतली.' यंदा ५ जूनला पाहुण्यांच्या हस्ते रोप लागलं ते कशाचं? बहाव्याचं! खड्डा तोच.

फोंड्याचो

@अनामिक, हसू की रडू.
आमच्याकडे पणजीला पाटोवर कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररी, १८३२ची संस्था, आत भिंतींवर मारियो मिरांडांची चित्रं. कार्यक्रमांचं मला फार माहीत नाही, मी जातो एसीत बसायला. पण पाटोलाच खारफुटीतून जाणारा लाकडी पदपथ आहे. मुलगीला वर चित्रांच्या पुस्तकात चिखलातला मासा दाखवला आणि खाली नेऊन तोच उड्या मारताना दाखवला. ती म्हणाली, पुस्तकातून खाली पडला काय?

गणिताचा_मास्तर

जरा विरजण घालतो. फेब्रुवारीत चार दिवस ती जगभरची पक्षीगणना असते ना, आमच्या वाचनालयाने केली. किमान पंधरा मिनिटं एका जागी थांबा, जे दिसेल ऐकू येईल ते सगळं लिहा, एवढंच सोपं. चाळीस मुलांच्या याद्या आल्या. एकीत चिमण्या ४००. दुसरीत मोर २, भर बाजारपेठेत. (चौकशी केली, साडीच्या दुकानाची पाटी होती.) सगळ्यात चांगली यादी एका सहावीतल्या मुलीची, फक्त पाच ओळी, कावळे ७, पारवे १२, साळुंक्या ४, घार १, आणि पाचवी ओळ 'एक तपकिरी, ओळखला नाही'. मी तिला पूर्ण मार्क दिले, मार्क द्यायचे नव्हते तरी. बाकीच्या याद्या आम्ही ऑनलाइन भरल्या नाहीत, आयोजक नाराज झाले कारण त्यांना बातमीत आकडा पाहिजे होता.

धागाकर्ता

अरे वा, सगळे वाचतोय. @मुरबाडकर वहीची आयडिया उचलतोय, आमच्याकडे भारद्वाजाला कोणी कुकुडकोंबा म्हणतं कोणी कुंभारकावळा, पोरांना तेच गोळा करायला लावतो. @सनीवेलची वहिनी, बियांचं कपाट मीटिंगमधे मांडतो पण बाई विचारणार की बी परत आलं तर ते तेच बी की नवीन, आणि नोंद कुठे करायची. मला उत्तर सुचत नाहीये.

आता एक अडचण. दुर्बिणीच्या आत पांढरट जाळं दिसतंय, या पावसात धरलंय. बुरशी का?

डब्लिनकर

बुरशीच. स्वतः उघडू नका, आतली भिंगं हलली की दोन-दोन दिसतं. कॅमेरा दुरुस्तीवाल्याला दाखवा. आणि चामड्याच्या पेटीत ठेवत असाल तर ती पेटी आधी फेका, ओल धरून ठेवते. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल, रंग बदलणारं घ्या म्हणजे कधी तापवायचं ते कळतं. आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरायची, वापरात असली की बुरशी कमी धरते.

धागाकर्ता

पेटी गुरुजींच्या वडिलांची आहे, ती फेकता येणार नाही, ती वेगळी डेड स्टॉकला चढवू. डबा उद्याच आणतो.