धरणाखालच्या थडीत जुनं बी उरलं असेल का?

वैनगंगाकाठ: गोसीखुर्दच्या खाली, ब्रह्मपुरीकडच्या थडीवर बेशरम आणि गाजरगवत माजलंय. ते काढलं तर मातीतल्या बियांतून मोथा, कहू (अर्जुन), जांभूळ आपसूक येतील, की रोपंच लावावी लागतील? माती तपासायची कशी?

थडीपारखी: झाडांची आशा मातीवर ठेवू नका. जांभळाचं बी वाळलं की मेलं, काही आठवड्यांचा खेळ. करंजाच्या शेंगा, कहूची पाच पंखांची फळं पाण्यावर तरंगत येतात आणि त्याच पावसाळ्यात रुजतात. मातीत वर्षानुवर्षं दम धरतं ते बारीक बी: मोथ्याची भावंडं, काही गवतं, आणि कडक सालीचा तरोटा. झाडांचं बी दरवर्षी पूर आणायचा, गाळासकट थडीवर टाकायचा. ऑगस्ट २०२० सारखा महापूर धरणाला आवरत नाही. अडतात ते लहान-मध्यम पूर, आणि पेरणी तेच करत. शिवाय गाळ जलाशयातच बसतो. खाली येणारं नितळ पाणी थडीच खरवडतं.

गवतवेडा: तपासणी मे महिन्यात करा, पावसाच्या आधी. पाण्याकाठ, मधली थड आणि जुनी पूररेषा, तिन्ही वेगळ्या ठेवा. प्रत्येक ठिकाणी ५ सेमी व्यासाची नळी ५ सेमी खोल, अशी दहा जागी ठोका; त्या दहांची मिळून जेमतेम १ लिटर माती निघते. ४ मिमीच्या चाळणीने खडे-मुळ्या काढा. भाजलेल्या वाळूवर अर्धा सेंटीमीटरच थर द्या. जाड झाला की खालचं बारीक बी उजेडाविना उगवत नाही आणि मातीतली बियांची बँक रिकामी वाटते. ३५ सेमीच्या दोन पराती लागतील: एक भोकं पाडून कायम ओलसर, दुसरीत २ सेमी पाणी. तिसरीत नुसती वाळू. तिच्यात जे उगवेल ते वाऱ्याने आलेलं. ओळखलेलं रोप मोजून उपटा, उगवण थांबली की माती हलवा, तीन-चार महिने चालू द्या. दोन्ही परातींतलं मिळून एक रोप म्हणजे चौरस मीटरला सुमारे ५१ बिया. ओली माती प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवली तर बी तिथेच कुजतं किंवा फुटतं.

थडीपारखी: परातीत गाजरगवतच जास्त आलं, तर साफसफाईने त्यालाच रान मोकळं होईल, मग पट्ट्यापट्ट्यानेच काढा. बेशरमीचे तुकडे थडीवर टाकू नका, ओल्या मातीत प्रत्येक कांडं मुळं धरतं. पूररेषेच्या वर नेऊन कडक वाळवा. जांभूळ गर काढल्यावर आठवड्याच्या आत पेरा. कहू मधल्या थडीवर लावा: अगदी पाण्याकाठी, धरणाची दारं उघडली की कोवळी रोपं मुळासकट जातात.