भट्टी सोडून ऑफिसात जावं का?

अॅल्युमिना:
अकरा वर्षं सिरॅमिक्समध्ये आहे, सगळी भट्टीपाशी. आता कंपनी म्हणतेय, व्यवसाय विभाग सांभाळा. नफा-तोट्याचा तक्ता पाहिला की घाम फुटतो. अशा वेळी सगळे जपानी सिरॅमिक्स उद्योजक काझुओ इनामोरींचं नाव घेतात. पुढे त्यांच्यातला इंजिनिअर उरला का हो?

जुनी_भट्टी:
आधी एक सांगतो, ते मुळात सिरॅमिक्सवाले नव्हतेच. काझुओ इनामोरी कागोशिमाला रसायनशास्त्र शिकले. सिरॅमिक्स पहिल्या नोकरीत पदरात पडलं, क्योटोत. पगार वेळेवर नाही, बरोबरीची मुलं सोडून गेली. हे राहिले आणि फॉर्स्टराइट नावाच्या सिरॅमिकच्या मागे लागले. अडचण तुम्हाला माहीत आहेच: नुसती भुकटी आकार धरत नाही, आणि बाइंडर, म्हणजे भुकटी चिकटवून धरणारा पदार्थ, घालावा तर अशुद्धी शिरते. एकदा प्रयोगशाळेत पाय अडखळला, बुटाला मेण चिकटलं आणि डोक्यात प्रकाश पडला. बाइंडर म्हणून पॅराफिन मेण! भाजताना जळून जातं.

1959 मध्ये, 27व्या वर्षी, क्योटो सिरॅमिक काढली. तीच आजची क्योसेरा.

मला मात्र वाकणाऱ्या पट्ट्यांचा किस्सा जास्त आवडतो. भाजताना माल वळायचा. भट्टीच्या झरोक्यातून बघता बघता त्यांना वाटलं, आत हात घालून दाबून धरावं. त्यावरूनच सुचलं, वर वजन ठेवू. हे वाचून मी कपाळावर हात मारला. माझा पहिला लॉट वाळक्या पानासारखा वळला होता आणि मी तीन आठवडे फक्त तापमान बदलत बसलो होतो.

त्यांची 'अमिबा' पद्धत म्हणजे कारखान्याचे छोटे गट, आणि प्रत्येक गटाचा हिशोब वेगळा: ताशी किती मूल्य निर्माण केलं? मला तर हे भट्टीवाल्याचंच डोकं वाटतं. एकूण रिजेक्शनचा, म्हणजे बाद मालाचा, आकडा काय चाटायचाय? तडा कुठल्या टप्प्यावर गेला ते सांगा.

खतावणी:
मी हिशोबातली. 2010 मध्ये जपान एअरलाइन्स बुडाली तेव्हा ते 78 वर्षांचे. विमानधंद्यातलं काही येत नव्हतं, पगारही घेतला नाही. तिथेही तेच केलं, मार्गागणिक आणि उड्डाणागणिक हिशोब. 2012 मध्ये शेअर पुन्हा बाजारात आला. पण आरती ओवाळताना हेही धरा की बँकांनी कर्जं सोडली होती आणि हजारोंच्या नोकऱ्या गेल्या.

अॅल्युमिना:
तक्ता उघडून बसलोय. रिजेक्शन कुठल्या ओळीत असतं?

खतावणी:
वेगळी ओळ नसेलच. 'कच्चा माल' आणि 'इंधन' यांत मिसळलेलं असणार. आधी ते वेगळं काढायला लावा.