४००० मिलिमीटरची रेघ: मोटारीचा वर्ग लांबीवरून ठरवावा का?

घाटमाथा (धागालेखक):

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले आणि प्रवासी मोटारींचे कराच्या दृष्टीने दोनच मोठे गट उरले. गाडीची लांबी ४००० मिलिमीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० सीसीपर्यंत, डिझेलचे असल्यास १५०० सीसीपर्यंत असेल, तर ती लहान गाडी आणि कर १८ टक्के. यांपैकी एकही मर्यादा ओलांडली की कर ४० टक्के. विजेवर चालणाऱ्या गाड्या ५ टक्क्यांवर वेगळ्या आहेत आणि त्यांना लांबीचे बंधन नाही. मूळ करावर वेगळा लागणाऱ्या उपकराचे किचकट टप्पे गेले, याचे मी मनापासून स्वागत करतो. परंतु ज्या रेघेवर हे सगळे उभे आहे ती २००६ च्या अर्थसंकल्पात आखलेली जुनीच रेघ आहे आणि ती आता पुसावी, असे माझे ठाम मत आहे.

२००६ साली लहान गाड्यांवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणताना 'लहान' म्हणजे काय हे सांगणे भाग होते, आणि त्या वेळी रस्त्यावर असलेल्या हॅचबॅक गाड्या पाहता ४ मीटर ही मर्यादा रास्तही होती. पुढे मात्र गाडी पाहून नियम ठरण्याऐवजी नियम पाहून गाडी ठरू लागली. टाटांनी २००८ मध्ये इंडिगो सीएस आणली. सुमारे ४१५० मिलिमीटरची मूळ इंडिगो मागच्या बाजूने आखूड करून ती ४ मीटरच्या आत बसवली होती. मारुतीची पहिली स्विफ्ट डिझायर ४१६० मिलिमीटरची होती आणि तिची डिकी ४४० लिटरची होती. २०१२ मध्ये आलेली दुसरी डिझायर ३९९५ मिलिमीटरची झाली आणि डिकी ३१६ लिटरवर आली. ही गाडी टॅक्सी म्हणून किती चालते हे आपण सर्व जण पाहतो. तिच्या डिकीत सीएनजीची टाकी बसवल्यावर उरलेल्या जागेत चार माणसांच्या कुटुंबाच्या दोन मोठ्या बॅगाही नीट मावत नाहीत आणि त्यातली एक पुढच्या आसनावर मांडीवर घ्यावी लागते. इंधन वाचले नाही, सुरक्षितता वाढली नाही, फक्त सामानाची जागा गेली.

त्याहून खटकणारी गोष्ट म्हणजे एकाच गाडीचे दोन वर्ग. तीन दारांची महिंद्रा थार ३९८५ मिलिमीटर लांब आहे. १४९७ सीसीचे डिझेल इंजिन असलेली थार १८ टक्क्यांत बसते. तीच पत्र्याची चौकट, तीच रुंदी आणि तेच रूप असलेली २२०० सीसीच्या वर्गातली थार ४० टक्क्यांत जाते. टाटांची नेक्सॉन आणि मारुतीची ब्रेझा यांची ग्राहक नेहमीच एकमेकींशी तुलना करतो. दोघींची लांबी जवळपास सारखीच, पण ब्रेझाचे पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचे असल्याने ती कायद्याने 'लहान' नाही. करापूर्वीची किंमत ८ लाख धरली, तर या भेदाने १ लाख ७६ हजार रुपयांचा फरक पडतो.

माझी सूचना अशी की वर्ग वजनावरून ठरवावा. रस्त्याची झीज, इंधनाचा खप, धडकेत समोरच्याला होणारी इजा या तिन्ही गोष्टींचा वजनाशी थेट संबंध आहे, आणि रिकाम्या गाडीचे वजन आरसी बुकवर आधीपासून नोंदलेले असते. म्हणजे नवी यंत्रणाही उभी करावी लागणार नाही.

हिशेबनीस:

असहमत. धागालेखकांनी नियमाची एकच बाजू दाखवली आहे, तीही २०१२ पर्यंतचीच.

डिझायरचेच उदाहरण पुढे नेऊ. २०१७ ची डिझायर ३९९५ मिलिमीटरचीच राहिली, पण तिची डिकी ३७८ लिटरची झाली. २०२४ मध्ये आलेल्या डिझायरची लांबीही तेवढीच आहे, आणि तिला ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. त्याआधी, डिसेंबर २०१८ मध्ये, पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली ती नेक्सॉन, म्हणजे हीसुद्धा ४ मीटरच्या आतलीच. मर्यादा स्पष्ट असली की अभियंते त्या मर्यादेत उत्तर शोधतात. पहिल्या काही गाड्या ओबडधोबड निघाल्या, हे मान्य. पण त्यावरून वीस वर्षांच्या नियमाचा निकाल लावणे योग्य नाही.

वजनाच्या निकषाला माझा विरोध अधिक तीव्र आहे. सहा एअरबॅग, बाजूच्या धडकेसाठीचे पोलाद, अधिक मजबूत खांब या सगळ्यांनी वजन वाढते. वजनावर कर लावला की कंपनीला सर्वांत आधी कुठे कात्री लावावीशी वाटेल, याचा विचार धागालेखकांनी करावा. लांबीच्या नियमाने डिकी घेतली असेल; वजनाचा नियम पत्रा घेईल.

आणखी एक गोष्ट. करासाठीची व्याख्या अशी हवी की तिच्यावर वाद होऊ नये. लांबी मोजपट्टीने मोजता येते. याउलट 'एसयूव्ही' या शब्दाचा घोळ पाहा. जुन्या उपकराच्या नियमात १५०० सीसीपेक्षा मोठे इंजिन, ४००० मिलिमीटरपेक्षा जास्त लांबी आणि १७० मिलिमीटर किंवा अधिक ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या तळापर्यंतची उंची) या अटींसोबत 'एसयूव्ही म्हणून लोकांत ओळखली जाणारी' अशी शब्दयोजना होती. लोकांत कोणती गाडी कशी ओळखली जाते हे ठरवायचे कोणी? डिसेंबर २०२२ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेला खुलासा करावा लागला, आणि जुलै २०२३ मध्ये 'कोणत्याही नावाने ओळखले जाणारे' उपयुक्तता वाहन असे म्हणून, ग्राउंड क्लिअरन्स रिकाम्या गाडीचा धरायचा, हेही वेगळे सांगावे लागले. लांबीच्या नियमाबाबत अशी वेळ क्वचितच आली आहे.

मोजपट्टी:

लांबीबाबतही मोजायचे काय हा प्रश्न आलाच होता. फोर्ड इकोस्पोर्ट येथे ३९९९ मिलिमीटरची म्हणून विकली गेली. मागच्या दारावर टांगलेली स्टेपनी धरली, तर तीच गाडी सव्वाचार मीटरच्या आसपास जाते. आपल्याकडे स्टेपनी लांबीत धरली गेली नाही. रस्त्यावर आणि पार्किंगमध्ये मात्र ती स्टेपनी जागा घेतेच.

चौथा गिअर:

दोन्ही बाजू कराच्या चष्म्यातून पाहत आहेत. माझा आक्षेप मुळावर आहे: वर्गीकरणाने ग्राहकाला गाडीबद्दल काही सांगितले पाहिजे, आणि आपल्याकडचे एकही वर्गीकरण ते सांगत नाही.

युरोपीय आयोगाने कंपन्यांच्या विलीनीकरणाच्या प्रकरणांत 'ए' पासून 'एफ' पर्यंतचे वर्ग वापरले, त्यांच्या जोडीला बहुउद्देशीय गाड्यांसाठी 'एम', एसयूव्हींसाठी 'जे' आणि क्रीडा मोटारींसाठी 'एस'. ते बाजारातली स्पर्धा तपासण्यासाठी होते, म्हणून त्यांच्या कडा धूसर असल्या तरी चालून गेले. अमेरिकेची पर्यावरण संस्था मात्र माणसांची आणि सामानाची जागा मिळून आतले घनफळ मोजते: १०० ते ११० घनफूट असेल तर कॉम्पॅक्ट, ११० ते १२० असेल तर मध्यम, त्यापुढे मोठी. मला ही पद्धत सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण ग्राहक शेवटी जागाच विकत घेतो. डिकी कापून वर्ग बदलण्याची युक्ती येथे चालली, तरी जागा कमी झाल्याचे वर्गाच्या नावातच उघड होते.

पण त्याच अमेरिकेने दुसऱ्या बाजूने मोठी गफलत केली. १९७५ च्या कायद्यानंतर इंधनक्षमतेचे निकष प्रवासी मोटारींसाठी वेगळे आणि 'हलक्या ट्रक'साठी वेगळे, म्हणजे सैल, ठेवले गेले. परिणामी जी गाडी ट्रकच्या व्याख्येत बसवता येईल ती बसवण्याची चढाओढ लागली. क्रायस्लरची पीटी क्रूझर ही दिसायला आणि वापरायला सरळसरळ हॅचबॅक. मागची आसने काढून सपाट तळ करता येत असल्याने तिची गणना हलक्या ट्रकमध्ये झाली. बांध्यावरून वर्ग ठरवला की असे होते.

आपल्याकडे बांध्याच्या नावांची अवस्था याहून वेगळी नाही. ज्याला दुकानात एसयूव्ही म्हणतात, त्यातल्या बहुतेक गाड्या हॅचबॅकच्याच पायावर, मोनोकॉक बांधणीच्या (सांगाडा आणि बॉडी एकसंध असलेल्या) आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या असतात. स्कॉर्पिओ एन किंवा फॉर्च्युनर यांना शिडीसारखी स्वतंत्र चासी आहे, त्या खडकाळ वाटेवर वेगळ्या वागतात. इनोव्हाचे पाहा: क्रिस्टा चासीवर बांधलेली आणि मागच्या चाकांवर चालणारी, हायक्रॉस मोनोकॉक आणि पुढच्या चाकांवर चालणारी. नाव एक, घराणे एक, जात पूर्ण वेगळी. ताम्हिणीच्या पावसात गाडी कशी चालवावी हे ज्या गोष्टीवर ठरते, ती गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही.

कोकणकडा:

आकार झाला, बांधा झाला. चैनीबद्दल कोणीच बोललेले नाही, आणि खरा अन्याय तिथे आहे.

४० टक्क्यांचा दर 'चैनीच्या वस्तूं'चा म्हणून सांगितला जातो. मारुती अर्टिगा ४३९५ मिलिमीटर लांब आणि १४६२ सीसीची आहे. सात माणसांचे कुटुंब गणपतीला गावी जाताना तिच्यात बसते, आणि गावोगावच्या प्रवासी वाहतुकीत ती राबते. तिच्यावर ४० टक्के. पाच मीटरहून लांब असलेल्या मर्सिडीज एस-क्लासवरही ४० टक्केच. जुन्या पद्धतीत निदान १७, २० आणि २२ टक्के असे उपकराचे टप्पे होते. तो फरकही आता संपला. सात जणांना नेणारी गाडी चैन कशी ठरते, याचे उत्तर लांबीच्या पट्टीकडे नाही. ४ मीटरच्या आत सात आसने बसवण्याचा प्रयत्न रेनॉ ट्रायबरने केला आहे आणि मी त्याचा आदर करतो, पण तिच्या तिसऱ्या रांगेत प्रौढ माणसाने रत्नागिरीपर्यंत बसून पाहावे.

उलट बाजूने मिनी कूपर घ्या. लांबी ४ मीटरच्या आत, डिकी एखाद्या लहान हॅचबॅकएवढी, किंमत मात्र ४० लाखांच्या पुढे. ती लहान आहे आणि ती चैनही आहे. या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत, एवढेच मला म्हणायचे आहे. तिचे इंजिन मोठे असल्याने ती ४० टक्क्यांत पडते, हा केवळ योगायोग.

महाराष्ट्राचा वाहनकर या बाबतीत अधिक समंजस आहे. वैयक्तिक पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२ आणि त्यापुढे १३ टक्के. चैन मोजायची तर किमतीने मोजावी. केंद्रानेही तेच करावे.

हिशेबनीस:

किमतीचा निकष ऐकायला न्याय्य वाटतो, पण उंबरठ्यावर काय होते तेही पाहावे. १० लाखांची रेघ आखली की गाडी ९ लाख ९९ हजारांना विकायला येते आणि सीट कव्हर, मिश्र धातूची चाके, संगीताची यंत्रणा वेगळ्या पावतीवर जाते. लांबी लपवता येत नाही, किंमत लपवता येते. राज्याचे टप्पे एकेका टक्क्याचे आहेत म्हणून तिथे हे फारसे होत नाही. २२ टक्क्यांची दरी असेल तिथे झाल्याशिवाय राहणार नाही.

घाटमाथा:

हिशेबनीस यांच्या या शेवटच्या वाक्यात माझ्या मते खरा मुद्दा आहे, आणि तो लांबीलाही लागू होतो. दोष केवळ मोजण्याच्या साधनात नाही. एका मिलिमीटरवर २२ टक्क्यांचा कडा उभा करण्यात आहे. वजनावर कर लावताना एक रेघ न आखता दर शंभर किलोंमागे थोडा थोडा कर वाढवला, तर कोणत्याही एका आकड्याखाली घुसण्यासाठी पत्रा कापण्याचा मोह राहणार नाही. एअरबॅगचे वजन काही किलोंचे असते. त्यासाठी पाच ताऱ्यांच्या गाडीला वजनात ठरावीक सूट देता येईल, कारण भारत एनकॅपची चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे आहेच.

इंधनक्षमतेच्या नव्या निकषांचा सप्टेंबर २०२५ चा मसुदा मात्र नेमके उलटे करत होता. त्यात ९०९ किलोंपर्यंत वजन, १२०० सीसी आणि ४००० मिलिमीटर अशा तीन अटी पाळणाऱ्या पेट्रोल गाड्यांना सवलत सुचवली होती. वजन आले, पण तेही पुन्हा एक कडा म्हणूनच.

लांबीने रस्त्यावरची जागा मोजली जाते, हेही मला पटत नाही. नेक्सॉन १८०० मिलिमीटरहून थोडी जास्त रुंद आहे. तिच्यापेक्षा अर्धा मीटर लांब असलेली होंडा सिटी रुंदीला तिच्याहून कमी आहे. कसबा पेठेतल्या गल्लीत समोरून रिक्षा आली की अडते ती रुंदी. जपानने लहान गाड्यांच्या आपल्या केई वर्गासाठी ३.४ मीटर लांबी, १.४८ मीटर रुंदी, २ मीटर उंची आणि ६६० सीसी अशी चारही मापे घातली आहेत, म्हणून तिथली लहान गाडी खरोखर लहान असते.

हिशेबनीस:

टप्प्याटप्प्याने वाढणारा दर मला मान्य होऊ शकतो, मात्र तो लांबी गुणिले रुंदीवर, वजनावर नव्हे. पाच ताऱ्यांची सूट हा आणखी एक उंबरठाच आहे, आणि चार ताऱ्यांच्या गाडीचा निर्माता त्यावर वाद घालायला येईल. गाडीने व्यापलेले क्षेत्रफळ आरसी बुकवर आज नसले, तरी प्रत्येक मॉडेलच्या मंजुरीच्या वेळी लांबी आणि रुंदी दोन्ही नोंदवली जातात. त्या आधारे दर लावला, तर डिझायरला पाच मिलिमीटर वाढवण्यासाठी काही रुपयेच जास्त पडतील, आणि डिकी किती मोठी हवी हे कंपनी ग्राहकाला विचारून ठरवू शकेल. इंजिनाची सीसी मात्र या हिशेबातून पूर्णपणे वगळावी, कारण ९९८ सीसीचे टर्बो इंजिन १४६२ सीसीच्या साध्या इंजिनाइतकी ताकद देते हे आता सर्वांना माहीत आहे. थार आणि ब्रेझाची जी उदाहरणे धागालेखकांनी सुरुवातीला दिली, ती लांबीच्या नियमाची नसून सीसीच्या नियमाची आहेत.