तिसऱ्या मजल्यावर सहा फुटी हायटेक प्लँटेड टाकी : नियोजन कसे करावे?

रोटालाप्रेमी (प्रश्न)

नमस्कार. पुण्यातील आमच्या फ्लॅटच्या दिवाणखान्यात ६ फूट लांब, २ फूट रुंद आणि २ फूट उंच अशी गोड्या पाण्याची, पाणवनस्पती आणि माशांची टाकी (अक्वेरियम) बसवण्याचा विचार आहे. सध्याच्या तीन फुटी टाकीत जावा फर्न आणि अनुबियास उत्तम वाढतात. आता मात्र सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड, ताकदीचे एलईडी दिवे आणि टायमरवर चालणारा खतपंप अशी पूर्ण व्यवस्था करून लाल रोटाला आणि पुढच्या भागात हिरवळीसारखी पसरणारी मॉन्टे कार्लो लावायची आहे. मासे म्हणून मिस केरळचा, म्हणजेच डेनिसन बार्बचा, घोळका ठेवायची इच्छा आहे. पाणी महापालिकेचे येते, परंतु उन्हाळ्यात सोसायटी टँकर मागवते. दिवे कोणते निवडावेत आणि गाळणीसाठी सम्प (टाकीखालच्या कपाटातली दुसरी टाकी) घ्यावा की कॅनिस्टर (बंद डब्याचा फिल्टर), याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

काचपाणी

दिव्यांकडे वळण्यापूर्वी वजनाचा हिशेब मांडावा. या मापांची टाकी २४ घनफूट, म्हणजे सुमारे ६८० लिटरची होते. पाण्याचेच ६८० किलो, १२ मिलीमीटर काचेचे सव्वाशेच्या आसपास, आणि त्यावर माती, दगड व लोखंडी स्टँड धरल्यास एकूण भार एक टनाच्या घरात जातो. घरगुती स्लॅबसाठी भारतीय मानक ८७५ नुसार दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो, इतका चल भार (माणसे व सामानाचे वजन) धरतात; आपला टनभर मात्र जेमतेम १.१ चौरस मीटरवर बसणार आहे. मानकातला आकडा संपूर्ण खोलीवर समान पसरलेल्या भाराचा असल्यामुळे एवढ्यावरून स्लॅब धोक्यात आहे असे म्हणता येत नाही. तरीही टाकी खोलीच्या मध्यभागी न ठेवता, जिच्याखाली बीम आहे अशा भिंतीलगत ठेवावी आणि इमारतीचे आराखडे दाखवून स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अभिप्राय घ्यावा. सोसायटीच्या बैठकीत प्रश्न निघालाच, तर तोच कागद कामी येतो.

उंची २० इंचांवर आणली तर ११० किलोंहून अधिक पाणी कमी होते, तळाच्या मॉन्टे कार्लोपर्यंत प्रकाश चांगला पोहोचतो आणि छाटणी करताना हातही तळाला पुरतो. दोन फूट खोल टाकीत बाही खांद्यापर्यंत सरकवूनही कात्री तळाशी नीट चालत नाही.

सम्पवाला

या आकाराच्या टाकीला माझे मत सम्पच्या बाजूने आहे. हीटर, खताच्या नळ्या आणि पाणीपातळीचा सेन्सर हे सर्व खालच्या कपाटात जाते आणि बाष्पीभवनाने घटणारी पातळी टाकीत न दिसता सम्पमध्ये दिसते. ओव्हरफ्लोमधून (टाकीतले पाणी सम्पमध्ये उतरवणाऱ्या वाटेतून) पाणी धबधब्यासारखे कोसळल्यास कार्बन डायऑक्साइड उडून जातो हा आक्षेप खरा आहे, परंतु उतरणारा पाइप पूर्ण भरून वाहील असा व्हॉल्व्ह लावला आणि सम्पवर झाकण ठेवले, तर तो तोटा पुष्कळ कमी होतो. वीज गेल्यावर वरचे किती पाणी खाली उतरते, हे मासे सोडण्याआधी पंप मुद्दाम बंद करून पाहावे आणि तेवढी जागा सम्पमध्ये कायम रिकामी ठेवावी.

विजेबाबत एवढेच सांगतो की रिटर्न पंप (सम्पमधले पाणी वर टाकीत नेणारा) इन्व्हर्टरवर घ्यावा, दिवे घेऊ नयेत. बंद पडलेल्या कॅनिस्टरमध्ये प्राणवायू संपून काही तासांत उपयुक्त जिवाणू मरू लागतात, हेही सम्पकडे झुकण्याचे एक कारण. वायरवरून ओघळणारे पाणी सॉकेटात जाऊ नये म्हणून प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) अवश्य बसवावा.

हिरवा_तळ

आपल्या योजनेतील खरी अडचण दिव्यांची नसून माशांची आहे. सह्याद्रीवरूनच ज्याच्या प्रजातीला २०१३ मध्ये ‘सह्याद्रिया’ हे नाव मिळाले, तो डेनिसन बार्ब केरळ-कर्नाटकातील थंड, वाहत्या ओढ्यांमधला, प्राणवायूने भरलेल्या पाण्याचा मासा आहे. २५ अंशांना पाण्यात दर लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसात. त्यात कार्बन डायऑक्साइडची भर पडली की एप्रिलच्या दुपारी हे मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पृष्ठभागावर वारा सोडणारे पंखे दोन-तीन अंश उतरवतात (कोकणातल्या दमट हवेत त्यांचा तितका उपयोग होत नाही), पण या माशांसाठी चिलरचा खर्च अंदाजपत्रकात धरावाच. शिवाय निसर्गात हा मासा संकटग्रस्त असल्याने प्रजनन केंद्रात वाढवलेलेच घ्यावेत.

कार्बन डायऑक्साइड दिव्यांच्या एक-दोन तास आधी सुरू आणि दिवे मालवण्याच्या तासभर आधी बंद होईल असा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) टायमरवर लावावा. ड्रॉप चेकरमध्ये (या वायूचे प्रमाण रंगाने दाखवणाऱ्या टाकीतल्या कुपीत) ४ डीकेएचचे, म्हणजे कार्बोनेट कठीणपणा ४ अंश असलेले, द्रावण असल्यास हिरवा रंग दर लिटरला साधारण ३० मिलिग्रॅम दर्शवतो. मात्र तो रंग दीड-दोन तास मागे चालतो, म्हणून माशांच्या हालचालीवर अधिक विश्वास ठेवावा. सिलिंडर उन्हाच्या बाल्कनीत ठेवू नये, कारण ३१ अंशांपुढे हा वायू द्रवरूपात राहत नाही आणि आतला दाब झपाट्याने चढतो. सुरुवातीला दिवे सहाच तास ठेवावेत आणि माशांना विषारी असलेले अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत, म्हणजे बहुधा चार ते सहा आठवडे, मासे सोडू नयेत.

रोटालाप्रेमी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उंची २० इंच करतो आणि इंजिनिअरना भेटतो. टँकरच्या पाण्याचे काय करावे, एवढे कृपया सांगावे.

काचपाणी

खडकवासल्याचे पाणी तुलनेने मृदू असते. टँकरचे बहुधा बोअरवेलचे आणि कठीण. टँकर आला की प्रत्येक वेळी जीएच (एकूण कठीणपणा) व केएच (कार्बोनेट कठीणपणा) मोजावे आणि आरओचे पाणी मिसळून नेहमीच्या आकड्यावर आणावे. क्लोरीनसाठी सोडियम थायोसल्फेट पुरते. उडून गेलेल्या पाण्याची भरपाई मात्र केवळ आरओच्या पाण्याने करावी, कारण क्षार उडत नाहीत, टाकीतच साचतात. दर आठवड्याला दीडशेहून अधिक लिटर पाणी बदलावे लागेल, तेव्हा टाकीची जागा ठरवताना बाल्कनीच्या नहाणीपर्यंत पाइप पोहोचतो की नाही हेही पाहून घ्यावे.