मदत हवी आहे : काढणीच्या तोंडावर टोमॅटोची झाडे अचानक कोमेजत आहेत

मुलुंडला आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी टोमॅटोची 6 झाडे मोठ्या ग्रो बॅगांमध्ये लावली असून, फळांवर नुकती लाली चढू लागली असतानाच त्यांपैकी दोन झाडे माना टाकू लागली आहेत. पहिले तीन दिवस ती दुपारी मलूल होऊन संध्याकाळी पुन्हा तरतरीत होत, त्यामुळे मी उन्हालाच दोष दिला आणि पाणी वाढवले (हा बहुधा माझा मूर्खपणाच झाला). चौथ्या दिवसापासून मात्र ती सावरलेली नाहीत.

पाने अजून हिरवीच आहेत. बुरशीजन्य मर रोगात खालची पाने आधी पिवळी पडतात, तसे येथे दिसत नाही. मुळांवर सूत्रकृमीच्या (मुळांत शिरणाऱ्या अतिसूक्ष्म कृमींच्या) गाठीही आढळल्या नाहीत. एका झाडाचे खोड बुंध्याजवळ कापून पाण्याच्या ग्लासात उभे धरले, तेव्हा काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधट धाग्यासारखे काहीतरी खाली उतरताना दिसले. त्यामुळे जिवाणूजन्य मर रोगाची शंका बळावली आहे, आणि तसे असेल तर औषधाने झाड वाचत नाही, हे मी जाणतो.

आता प्रश्न उरलेल्या चार झाडांचा आहे. शेजारच्या काकूंच्या मिरच्याही त्याच झारीने शिंपल्या जातात आणि मिरची टोमॅटोच्याच कुळातली, म्हणून काळजी अधिक वाटते. रोगट झाडे मातीसकट टाकून द्यावीत, की त्या मातीत मेथी किंवा पालक घेता येईल? आणि झारी, कात्री कशाने धुवावी?