डोळ्यांत घालायचे थेंबही औषधांच्या यादीत हवेत

मेटोप्रोलॉल (रक्तदाब व हृदयविकारासाठीचे, ठोके मंदावणारे ‘बीटा ब्लॉकर’ गटातले औषध) चालू असताना व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम ही ठोके मंदावणारी दुसरी औषधे घेतल्यास नाडी धोकादायकरीत्या मंदावू शकते, असे सांगितले जाते आणि ते अगदी बरोबर आहे. त्यात एक भर घालावीशी वाटते. काचबिंदूसाठी दिले जाणारे टिमोलॉलचे थेंब हेही बीटा ब्लॉकरच आहेत, आणि डोळ्यात टाकलेल्या थेंबाचा काही भाग अश्रुनलिकेतून नाकात उतरून तिथल्या अस्तरातून थेट रक्तात मिसळतो, म्हणजे गोळीप्रमाणे आधी यकृतात त्याचे विघटन होत नाही. माझ्या आईची नाडी मेटोप्रोलॉलची गोळी आणि हे थेंब या जोडीमुळे मिनिटाला ४६ वर आली होती. डॉक्टरांनी औषधे विचारली तेव्हा तिने गोळ्यांची सगळी पाकिटे पिशवीतून काढून दाखवली, थेंबांची बाटली मात्र घरीच राहिली होती, कारण ‘ते डोळ्याचं आहे’ असे आम्हा सर्वांनाच वाटत होते. दमा असलेल्यांनी तर हे थेंब चालू असल्यास आवर्जून सांगावे, कारण त्यांच्या श्वासनलिका आकुंचन पावू शकतात. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकालगतचा कोपरा दोन-तीन मिनिटे बोटाने दाबून धरला, तर रक्तात जाणारे प्रमाण बरेच कमी होते. मात्र घाबरून मेटोप्रोलॉल मनाने एकाएकी बंद करू नये. त्याने छातीतले दुखणे उलट बळावू शकते.