अभ्यासिकेच्या चेकवर दुसरी सही आणायची कुठून?

पर्वतीचा_खजिनदार
दांडेकर पुलाजवळ आमची अभ्यासिका आहे. बावीस खुर्च्या, तीन पंखे, त्यातला एक शोभेचा. एमपीएससीची मुलं महिन्याला २०० रुपये देतात, बाकी सगळं रद्दी आणि वर्गणीवर. संस्था १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त कायदा, दोन्हींखाली नोंदलेली आहे. खात्यावर अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांपैकी दोघांच्या सह्या लागतात. सचिव दिवाळीत वारले, अध्यक्ष मुलाकडे बेंगळुरूला. जूनमध्ये सभा घेऊन नवी कार्यकारिणी निवडली, पण बँक म्हणते, बदल अहवाल (कार्यकारिणी बदलल्याची धर्मादाय कार्यालयाला द्यायची माहिती) मंजूर झाल्याचा आदेश आणा. तीन महिने वीजबिल मीच भरतोय. बायकोने विचारलं, "संस्था तुम्ही चालवताय की संस्था तुम्हाला?"

शिवाय एक गृहस्थ १५,००० द्यायला तयार आहेत, त्यांना ८०जी पावती हवी, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळते ती. आमच्याकडे ८०जीची मान्यता नाही. शेजारच्या ट्रस्टचा ८०जी नंबर वापरू का? आणि एक इच्छुक उमेदवार दहा खुर्च्या देतोय, पाठीवर स्वतःचं नाव रंगवून.

जुना_कारकून
बदल झाल्यापासून ९० दिवसांत अहवाल द्यायचा असतो. सचिवांचा मृत्यू हाही बदलच, त्याची मुदत कधीच गेली. विलंब माफीचा अर्ज जोडा. मृत्यूचा दाखला, सभेची नोटीस, हजेरीच्या सह्या, इतिवृत्त, नव्यांची संमतीपत्रं लागतील. आधी संस्थेची घटना (नियमावली) काढून नोटीस किती दिवसांची आहे ते बघा. बहुतेकांचं घोडं तिथेच पेंड खातं.
आणि अध्यक्ष हयात आहेत ना? मग दोन सह्या आहेतच की! चेक लिहा, कुरिअर करा. कोऱ्या चेकवर मात्र सही घेऊ नका.

कोथरूडची_ताई
शेजाऱ्यांचा नंबर अजिबात नको. हल्ली नुसत्या पावतीवर भागत नाही. ज्या संस्थेचा नंबर, तिने आयकर खात्याकडे १०बीडी (देणग्यांचं विवरण) भरून देणगीदाराला १०बीई (देणगीचा दाखला) द्यावा लागतो, म्हणजे रक्कम शेजाऱ्यांच्या हिशोबात दिसणार. आधी गृहस्थांना विचारा, ते नव्या करप्रणालीत आहेत का? असतील तर ८०जीचा त्यांना काडीचा उपयोग नाही.
तुम्ही भरलेलं बिल "खजिनदारांकडून उसने" म्हणून ठरावासह वहीत घ्या. नाहीतर पुढच्या ऑडिटला तुम्हीच चोर ठरायचे.
खुर्च्या घ्या, नाव नको. आमच्या बचत गटाच्या सतरंज्यांवर असंच एक नाव आहे. माणसाने पक्ष बदलला, सतरंज्या आम्ही उलट्या अंथरतो.

पर्वतीचा_खजिनदार
गृहस्थ नव्या प्रणालीतच निघाले! साधी पावती चालेल म्हणाले, चेक देतायत.
घटना माळ्यावर सापडली. नोटीस १५ दिवसांची, लेखी. आम्ही चार दिवस आधी व्हॉट्सअॅपवर टाकली होती, खाली सदस्यांचे अंगठे. म्हणजे सभा परत. उमेदवाराला नावाचं कळवलं, त्याचा फोन आला नाही. जुन्या खुर्च्यांना सुतळी बांधलीय. वीजबिलाचा चेक आज कुरिअरला टाकला.